सातव्या भागातली शांतता

१

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा कानसेन दात घासत होती. फोन बाईंचा होता, आणि बाई कधी "हॅलो" म्हणत नसत.

"अगं, माझ्या तोंडी कुणीतरी भलतंच घातलंय," बाई म्हणाल्या. "सातवा भाग ऐकलास?"

"मीच तर बांधलाय तो, बाई. शुक्रवारी."

"मग एकतर तू माझा गळा कापलास, नाहीतर दुसऱ्या कुणी. आधी ऐक, आणि मग मला सांग मी कुणावर ओरडू."

कानसेन हे काही तिचं खरं नाव नव्हे. गाणारा तो तानसेन आणि ऐकणारा तो कानसेन, ही जुनी थट्टा. एकतीस वर्षं ध्वनिसंकलनाचं काम केल्यावर ती तिला कायमची चिकटली. शेजारच्या खोलीतल्या माणसानं चष्मा टेबलावर ठेवला की कपाळावर चढवला, हे तिला नुसतं ऐकून कळतं, असं स्टुडिओत सांगत. त्यातलं निम्मं खोटं होतं, पण उरलेलं निम्मंही काही कमी नव्हतं.

पॉडकास्टचं नाव 'पडद्यावरच्या बाया'. त्र्याहत्तर वर्षांच्या एका अभिनेत्रीनं दर भागात आपल्या एका भूमिकेवर बोलायचं आणि एका चित्रपट-समीक्षकानं तिला बोलतं करायचं, एवढाच मामला. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको झाली, टायपिस्ट झाली, चोर नर्स झाली. "त्या नर्सला शेवटी रडायला सांगितलं होतं. मी रडले नाही. चोरी करून रडायचं तर चोरी करायचीच कशाला?" असलं काहीतरी बाई सहज बोलून जात आणि आठवडाभर लोक ते एकमेकांना ऐकवत. सहाव्या भागाच्या शेवटी त्यांनी परस्परच जाहीर करून टाकलं होतं, "पुढच्या वेळी गोदामाच्या आगीचा सिनेमा. आणि त्या दाराबद्दल मी आता बोलणार."

गुरुवारी त्या बोलल्या. काचेपलीकडे बसून कानसेननं शब्द न् शब्द ऐकला. आगीत सापडलेली बाई पडद्यावर दिसते ती जवळून बाई स्वतः, आणि लांबून त्यांची डमी. सर्कशीतून आलेली म्हणून तिला सगळे सर्कसवाली म्हणत. शॉट सुरू झाला, सर्कसवाली दार ठोठावत राहिली, आणि दार उघडलं नाही. तिचा अर्धा चेहरा आणि डावा हात जळाला. ती घाबरली, दार उलट्या बाजूला ढकलत बसली, असं तेव्हा सगळे म्हणाले, आणि तिला पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. बाई कॅमेऱ्याजवळ उभ्या होत्या. गुरुवारी त्या म्हणाल्या, "दार बाहेरून बंद होतं. कडी लावताना मी पाहिलं. लाव म्हणून कुणी सांगितलं, तेही ऐकलं." आणि त्यांनी दिग्दर्शकाचं नाव घेतलं.

आता एकेचाळिसाव्या मिनिटाला हेडफोनमधून बाई सांगत होत्या, "दार उघडंच होतं. चूक आमचीच होती. कुणाला दोष देऊ नका."

कानसेननं ते तीनदा ऐकलं. आवाज बाईंचाच होता. त्यात नकलेची भेसळ असती तर तिला पहिल्या शब्दालाच कळलं असतं.

"ऐकलं," तिनं फोन करून सांगितलं. "हे तुम्ही बोलला नव्हतात."

पलीकडे बाईंनी खुर्ची ओढून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "मी तिला फोन केला होता गं. सर्कसवालीला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रविवारी ऐक म्हणून सांगितलं. तिनं हे ऐकलं आता."

कानसेन चप्पल पायात अडकवून स्टुडिओत पोचली. मूळ रेकॉर्डिंग यंत्रातून पुसलेलं होतं. राखीव प्रत जिच्यावर असायची ती डिस्कही कोरी होती. आणि रेकॉर्डिंगचा एक सेकंदही घरी न्यायचा नाही, हा तिच्या करारातला नियम तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मोडला असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पाठीमागे मालक येऊन उभे होते. "फाइलला शेवटचा हात तुमचाच लागलाय," ते म्हणाले.

२

मालक एके काळचे नावाजलेले संकलक. माणसाच्या दोन श्वासांच्या मधल्या फटीत कात्री घालायचे आणि सांधा देवालाही सापडायचा नाही. आता ते कात्रीला शिवत नसत. वरच्या मजल्यावर बसून स्टुडिओ चालवत आणि खाली रेकॉर्डिंगला कधी फिरकतही नसत.

समीक्षकही येऊन बसले होते. माणूस पुष्कळ वाचलेला, सुगंधी रुमालाचा, आणि बोलायला लागला की प्रस्तावनेतच चहा गार करणारा.

"हे बघा, मूळ प्रश्न स्मृतीचा आहे," त्यांनी सुरुवात केली. "वय झालं की माणूस बोलतो एक आणि आठवतो एक. बाईंबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही..."

"मी काचेपलीकडे बसले होते," कानसेन म्हणाली. "माझं वय चोपन्न आहे. मलाही विस्मरण झालं का?"

"तसं नाही हो. पण सिद्ध कसं करणार?"

मालकांनी मध्ये हात घातला. "फाइल शुक्रवारी संध्याकाळी तयार झाली, रविवारी सकाळी लोकांपर्यंत गेली. मधल्या वेळात तिच्यापर्यंत पोचू शकणारी माणसं तीन. मी, हे आणि तुम्ही. मी भांडण वाढवत नाही. उद्या पाच वाजेपर्यंत काही निघालं तर दाखवा. नाही निघालं तर आहे तो भाग राहील, आणि बाईंना तो मान्य आहे असं आपण लिहू."

"त्यांना विचारून?"

मालक जिन्याकडे वळले. कानसेनच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती काचेमागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

लोक शब्द ऐकतात. तिनं शब्दांच्या खालचं ऐकायला घेतलं. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी तिचे दोन नियम असत, आणि त्यापायी बाई आणि समीक्षक दोघंही तिला मास्तरीण म्हणत. पहिला नियम, अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, खोलीची नुसती शांतता भरून घ्यायची. कारण शांतता कुठलीच रिकामी नसते. प्रत्येक खोलीची वेगळी असते आणि संकलनात ठिगळ लावायला तीच कामी येते. दुसरा नियम, महत्त्वाचं वाक्य असेल तर आधी तीन मोजा, मग बोला, मग पुन्हा तीन मोजा. म्हणजे कापायला जागा मिळते. समीक्षकांना हे शिकवता शिकवता तिला दोन भाग लागले होते.

तिनं आवाज पार वर नेला. त्या तीन वाक्यांखाली एक बारीक घरघर होती, आणि दर चार-पाच सेकंदांनी तिच्यात एक टिक. वाक्यं संपली की घरघरही संपत होती.

स्टुडिओत अशी घरघर नव्हती. यंत्रानं आवाज बनवला असता, तर खाली काहीच नसतं. म्हणजे ही वाक्यं जिवंत माणसानं, जिवंत खोलीत म्हटली होती. ती खोली सापडली की चोर सापडला, असं तिला वाटलं. चुकलं ते इथेच.

३

हातात रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र घेऊन शांतता मागायला दारोदार हिंडणारी बाई त्या दिवशी बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

मालकांच्या खोलीत एसीचं पातं खडखडत होतं. अर्धा मिनिट मालक ताठ बसले, पण त्यांचं पोट गप्प बसेना. "दुपारचं जेवण राहिलंय," ते ओशाळून म्हणाले. मग एकदम आवाज खाली आणून, "ताई, तुम्ही हे केलेलं नाही हे मला कळतं. हे काम फार ढोबळ आहे. पण त्या दिग्दर्शकांचा पुढच्या महिन्यात सत्कार आहे. सगळे त्यांच्या बाजूनं उभे राहतील. आपला हा एवढासा स्टुडिओ."

"एवढ्याशा स्टुडिओचं शटर फार हलकं आहे वाटतं, एवढ्या घाईनं पाडताय ते," कानसेन म्हणाली आणि यंत्र उचललं.

समीक्षकांच्या अभ्यासिकेत भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं, आणि तेवढा एक आवाज सोडला तर खोली शांत होती. म्हणजे समीक्षक गप्प असते तर असती. नवव्या सेकंदाला ते म्हणाले, "ही कल्पनाच किती सुंदर आहे नाही, शांततेचा पंचनामा!" दुसऱ्यांदा चौदाव्या सेकंदाला, "घड्याळ बंद करू का?" तिसऱ्यांदा त्यांनी रुमाल तोंडावर धरला. टेबलावर त्याच दिग्दर्शकांचे सहा-सात जाडजूड ग्रंथ, आत खुणेच्या चिठ्ठ्या घातलेले.

"अभ्यास चाललाय?"

"त्यांच्यावरही कधीतरी बोलायला हवं ना. कलावंत म्हणून मोठाच माणूस," समीक्षक म्हणाले.

बाईंचा भाचा वेगळ्या घरी राहायचा. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, मावशीची गाडी चालवणं आणि मावशीला कामं आणणं हे दोन धंदे सांभाळणारा. गाडी तो उत्तम चालवायचा. त्याच्या घरात शांतता औषधालाही नव्हती: कुकर, दूरदर्शन आणि दोन मुली.

"मावशीला उगाच दुखवलंत तुम्ही लोकांनी," तो म्हणाला. "आत्ता कुठे तिला नवीन भूमिका मिळायला लागली होती. आता निर्माते म्हणतील, म्हातारी स्वतःच्याच बोलण्यावर ठाम नाही."

कुठेच तशी घरघर नव्हती, तशी टिक नव्हती. उन्हं उतरायला लागली तशी कानसेन थकून बाईंच्या घरी गेली. बाईंनी दार उघडलं आणि काही न विचारता पाणी आणलं. सवयीनं कानसेननं यंत्र टेबलावर ठेवून सुरू केलं. दोघी बसून राहिल्या.

बाईंच्या दिवाणखान्यात काचेची एक टाकी होती. तिच्यात एकच मासा उरला होता, म्हातारा आणि चिडका. टाकीचा पंप घरघर करत होता. चार-पाच सेकंदांनी त्याच्यात काहीतरी अडकायचं, आणि टिक व्हायचं.

४

"बाई," कानसेन म्हणाली, "ती तीन वाक्यं तुम्ही इथेच बोललात. या खोलीत."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तू पण?"

"मी कान घेऊन आलेय. कान खोटं बोलत नाही."

"मग माझी जीभ बोलते होय! चाळीस वर्षं मी गप्प बसले. ते गप्प बसणं हाच खोटेपणा होता, हे मला रोज कळत होतं. आता तोंड उघडलं, आणि त्याच आठवड्यात घरात बसून ते मी मागे घेईन? कशासाठी? कुणाच्या भीतीनं? माझ्याकडून काढून घेण्यासारखं आता उरलंय तरी काय?"

त्या बोलत होत्या आणि गळ्यातल्या साखळीचे मणी वाजत होते. चष्म्याची ती साखळी म्हणजे कानसेनची डोकेदुखी. दर भागातून मण्यांची किणकिण काढण्यात तिचा तासभर जायचा. बोलताना साखळी काढा म्हटलं की बाई म्हणत, "समोरचा काय तोंड करतोय ते मला दिसायला नको?"

बोलता बोलता बाई थांबल्या. राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं ते कानसेनला जास्त भयंकर वाटलं. "कानसेन," त्या हळूच म्हणाल्या, "मी खरंच बोलले असेन का गं? मला आठवत नसेल?"

 कानसेननं हेडफोन चढवले आणि ती तीन वाक्यं पुन्हा लावली. पंप होता. टिक होती. आवाज होता.

मणी नव्हते.

"बाई, तुमच्या अंगावर साखळी नव्हती. बोलताना तुम्ही ती कधीच काढत नाही."

"कधीच नाही."

"मग केव्हा काढता?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. सगळं आयुष्य डबिंगच्या खोल्यांत गेलेली बाई. माइकसमोर संवाद म्हणायचा तर अंगावर वाजणारी एकही वस्तू ठेवायची नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. घड्याळ, साखळी, किल्ल्या, सगळं आधी रुमालात.

"संवाद म्हणताना," बाई म्हणाल्या. मग ताडकन, "अगं, ती शाळेची मुख्याध्यापिका!"

"कोण मुख्याध्यापिका?"

"नवीन भूमिका. मंगळवारी निर्मात्यांना चाचणी पाठवली. भाच्यानंच फोनवर टिपली, इथे, या खुर्चीवर. शाळेच्या कोठीला आग लागते आणि मुख्याध्यापिका चौकशीत साक्ष देते." बाई खणातून दोन कागद काढायला वळल्या, आणि पाठमोऱ्याच खदखदून हसत म्हणाल्या, "तिची वाक्यं होती ती. मी वेडी झालेली नाही!"

कानसेननं त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आणि मग बाईंचं हसू एकाएकी मावळलं.

"पण ते कागद तर माझ्या भाच्यानं आणले," त्या म्हणाल्या.

५

भाचा वीस मिनिटांत आला. कागद बघून आधी गोंधळला, मग घामानं डबडबला.

"मावशी, शप्पथ! मला मेल आला होता. नवीन निर्मिती संस्था, मोठी भूमिका, दोन दिवसांत चाचणी पाठवा. मला वाटलं तुझं नशीब उघडलं. मी तर घरी पेढेसुद्धा वाटले."

"संस्थेचं नाव तपासलंस?"

"नाव चांगलं होतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "याच्या आईनं याला डोकं द्यायचं राहिलं, बाकी सगळं दिलं."

कानसेननं कागद वाचायला घेतले. दोन पानांत मुख्याध्यापिका बरंच काही बोलत होती: कोठीत काय काय होतं, मुलांना बाहेर कसं काढलं. साधं लिखाण. पण तीन ठिकाणी वाक्याच्या आधी आणि नंतर कंसात सूचना होती. 'तीन मोजते. बोलते. तीन मोजते.' आणि ती तीन वाक्यं होती, 'दार उघडंच होतं', 'चूक आमचीच होती', 'कुणाला दोष देऊ नका'.

"मला तेव्हाच खटकलं होतं," बाई म्हणाल्या. "पंचावन्न वर्षांत मला लेखकांनी 'हुंदका देते' लिहून दिलं, 'ओठ चावते' लिहून दिलं, एकानं तर 'भिवई अर्धी उचलते' लिहिलं होतं. पण मोजायला कुणी लावलं नाही. अभिनय आहे का पाढे?"

"मग म्हटलंत कशाला तसं?"

"तुझ्या खोलीत सहा भाग तेच तर करत होते. सवय लागली." बाई थांबल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मंगळवारी चाचणी," कानसेन म्हणाली. "त्याआधी दाराचं सविस्तर कुणाशी बोलला होतात?"

"सोमवारी. आपल्या समीक्षकांशी, फोनवर. भागाची पूर्वतयारी म्हणून."

"आणि त्यांनी काय म्हटलं?"

"आयुष्यात पहिल्यांदा काहीच म्हटलं नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "तेव्हा मला वाटलं, बिचारा हेलावला."

६

सोमवारी पाचला सगळे मालकांच्या खोलीत जमले. बाई गळ्यात साखळी घालूनच आल्या होत्या, आणि भाच्याला त्यांनी दाराशी उभं केलं होतं, शिक्षा म्हणून.

कानसेननं आधी शांतता ऐकवली, मग कागद मांडले. "म्हणजे कुणीतरी न निघणाऱ्या सिनेमाचा प्रसंग लिहिला, तीन वाक्यांसाठी. बाईंना वाटलं भूमिका आहे, म्हणून त्यांनी जीव ओतला. त्यांच्याकडून खोटी साक्ष मिळवायचा दुसरा मार्गच नव्हता."

"विलक्षण!" समीक्षक म्हणाले. "पण सहाव्या भागात बाईंनी दाराचं जाहीर केलं होतं. सगळ्या जगाला माहीत होतं."

"मान्य. पण तीन मोजायला जगाला कुणी शिकवलं? हा माझा नियम. माझ्या खोलीबाहेर तो कुठे गेलेला नाही. मालक रेकॉर्डिंगला बसत नाहीत. आणि बसत असते तरी त्यांना मोजायची गरज काय? ते श्वासावर कापणारे. ज्याचा हात नवशिका आहे, त्यालाच कापायला एवढी रुंद जागा लागते."

"नियम तुमचाच ना?" समीक्षकांचा आवाज चढला. "मग चोरही तुम्हीच! कापायला येतं कुणाला इथे? मला तर बटणसुद्धा कळत नाही."

"मी केलं असतं तर तो पंप ठेवला असता?" कानसेनही आता थांबायला तयार नव्हती. "शुक्रवारी मी तासभर बसून मणी वेचले. ती मी मासा तसाच पोहत ठेवीन? ज्यानं हे केलं त्याला शब्द ऐकू येतात. खालचं काही ऐकूच येत नाही, कारण त्यासाठी आधी गप्प बसावं लागतं. तुम्हाला काल पहिल्या खेपेला नऊ सेकंद जमलं."

मालकांनी समीक्षकांकडे न बघता दारांच्या किल्ल्यांची नोंद उघडली. शनिवारी दुपारी खालची खोली समीक्षकांच्या किल्लीनं उघडली होती, हे त्यांना कालच दिसलं होतं. पण ते दाखवायलाही आधी दुसऱ्या कुणी तोंड उघडावं लागलं.

समीक्षक बराच वेळ रुमालाच्या घड्या करत राहिले. "दिग्दर्शकांनी मला दहा भाग दिले," ते शेवटी म्हणाले. "स्वतःवरचे. आयुष्यात कुणाला मुलाखत दिली नाही त्यांनी. अट एकच, हे दाराचं मिटवा. मी भाग गाळला असता, तर लोक विचारत राहिले असते. बाईंनीच म्हटलं, की प्रश्न संपला. मी कुणाला इजा केली नाही. वाद टाळला."

"इजा केली नाही!" बाई म्हणाल्या. "तुम्ही सात भाग माझ्यासमोर बसून माझ्या एकेका भूमिकेचा अर्थ लावत होतात. अहो, मग शेवटी मला भूमिका समजूनच वापरलंत."

 मग मालकांनी घसा साफ केला. "हे बघा, झालं ते झालं. भाग काढून घेऊ. हे राजीनामा देतील. आणि एक छोटी सूचना टाकू: तांत्रिक चुकीमुळे सातव्या भागात..."

"काय म्हणालात?"

"तांत्रिक चूक, बाई. कुणाचं नाव नको, कुणाची बदनामी नको."

बाई उठल्या. "चाळीस वर्षांपूर्वी त्या पोरीचा चेहरा जळाला, तेव्हाच्या अहवालात हेच दोन शब्द होते. तांत्रिक चूक. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. एकदा केली. दुसऱ्यांदा मेले तरी करणार नाही. सूचना लिहायची तर मी सांगते ती लिहा: आवाज चोरला, कुणी चोरला, कशासाठी चोरला. नाही लिहिलीत, तर खाली रस्त्यावर उभी राहून ओरडून सांगेन. माझा आवाज अजून तीन मजले जातो, विचारा हिला."

"जातो," कानसेन म्हणाली.

मालकांनी लिहून घेतलं. शब्दाला शब्द.

पण बाईंचं तेवढ्यानं भागलं नव्हतं. त्यांनी सर्कसवालीला फोन लावला. तिनं तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मंगळवारी बाई कानसेनला घेऊन थेट तिच्या दारात गेल्या. सर्कसवाली शिवणयंत्रावर बसली होती. उजव्या हातानं कापड सरकवायची, डाव्याचा फक्त भार द्यायची. तिनं मान वर केली नाही.

"परवा ऐकलं मी," ती म्हणाली. "झाला ना तुझा जीव हलका?"

बाईंनी सगळं सांगितलं. चोरी, कागद, पंप, सही. विशेषतः सही. शेवटी म्हणाल्या, "गुरुवारी मी सगळं पुन्हा बोलणार आहे. या वेळी तू ऐक."

"का?" सर्कसवालीनं यंत्र थांबवलं. "तू बोलायचं आणि मी ऐकायचं, असं किती दिवस? उडी माझी, चेहरा तुझा. भाजले मी, सिनेमा तुझा. आता दुःखसुद्धा तूच सांगणार?"

बाई तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्या रडतील असं कानसेनला वाटलं. त्या रडल्या नाहीत. "नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. तू बोल. मी समोर बसेन."

गुरुवारी समीक्षकांच्या खुर्चीत बाई बसल्या आणि बाईंच्या खुर्चीत सर्कसवाली. तिनं चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला होता. दिसणार कुणालाच नव्हतं, तरी केला होता. माइक जवळ घ्या म्हणून कानसेननं खूण केली. बाई म्हणाल्या, "तर श्रोतेहो, आज माझ्यासोबत..."

"थांब," सर्कसवाली म्हणाली. "माझी ओळख मी करून देते. मला विचारायला तुम्हाला चाळीस वर्षं लागली. आता मध्ये कुणी बोलू नका."